दुकानात इंटरनेटवर चालणारे कॅमेरे बसवले तर धंद्याला धोका असतो का?

असतो, पण घाबरून कॅमेरे काढून टाकू नका. फायदा खरा आहे. औषधाच्या दुकानातला फ्रिज रात्री बंद पडला आणि २ ते ८ अंशांत ठेवायच्या लसी, इन्सुलिन गरम व्हायला लागलं, तर असाच इंटरनेटवर चालणारा तापमानाचा सेन्सर लगेच मोबाईलवर कळवतो. माल वाचतो.

धोका कुठे आहे ते २०१६ साली जगाला दिसलं. 'मिराई' नावाचा व्हायरस इंटरनेटवर कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरायचा आणि कंपनीने दिलेले साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड लावून बघायचा. मालकाने पासवर्ड बदललेला नसला की यंत्र ताब्यात. अशाच यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या, वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' (Dyn) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास अडखळले. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच होता. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

म्हणून बसवणारा माणूस निघण्याआधी त्याच्यासमोरच पासवर्ड बदला. बहुतेक जण तो 'नंतर बघू' म्हणून ठेवतात, आणि ते नंतर कधी येत नाही. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे एकाच वायफायवर ठेवू नका. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असतं, कॅमेरे त्यावर टाका. घेतानाच विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार? विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर दुसरं मॉडेल बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.