कोड बरोबर, खाते नंबर दुसऱ्याचा

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत दहा दिवसांच्या बिलाची एक्सेल शीट आहे. तीत उत्पादकाचा कोड आणि रक्कम असते. सभासदांची शीट वेगळी, त्यात नाव, कोड, बँक खाते नंबर असे कॉलम. व्हीलुकअप (कोडवरून दुसऱ्या शीटमधली माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) लावून खाते नंबर बिलात आणतो, पण काहींपुढे एन/ए (सापडले नाही) येते आणि दोघांपुढे तर दुसऱ्याचेच खाते आले. कोडऐवजी नावाने जुळवू का?
– सचिव, करवीर तालुका

उत्तर : एन/ए निदान दिसते तरी. चुकीचे खाते गुपचूप पैसे घेऊन जाते, म्हणून आधी तेच. फॉर्म्युल्याच्या कंसात स्वल्पविरामांनी तोडलेल्या चार जागा असतात, त्यातली चौथी बहुधा मोकळी राहिली आहे. तशी ठेवली की कोड चढत्या क्रमाने आहेत असे एक्सेल धरून चालते आणि नेमका कोड सापडला नाही तर त्याच्या आधीचा लहान कोड उचलते. सूचना काहीच येत नाही.

पहिल्या जागी बिलातला कोड द्या. दुसऱ्या जागी सभासद शीटमधले कोड ते खाते नंबर एवढेच कॉलम निवडा. नाव त्यात घेऊ नका, कारण शोध निवडलेल्या भागाच्या पहिल्याच कॉलममध्ये होतो. निवडल्याबरोबर एफ४ दाबून डॉलरची चिन्हे लावा, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना निवडलेला भागही सरकतो आणि यादीतले वरचे सभासद सुटतात. तिसऱ्या जागी २, म्हणजे निवडलेल्या भागातला दुसरा कॉलम; चौथ्या जागी ०, म्हणजे नेमका तोच कोड. खात्याचा सेल रिकामा असेल तर उत्तर ० येते, तेही तपासा.

यानंतरही एन/ए उरले तर तोच कोड काउंटइफने (किती वेळा आला ते मोजणारा फॉर्म्युला) सभासद यादीत मोजून पाहा. ० आले तर कोड खरोखरच नाही. १ आले, तर एका शीटमध्ये कोड अंक म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून बसला आहे. काउंटइफ दोन्ही सारखेच मानते, व्हीलुकअप मानत नाही. दोन्ही शीटमधला कोडचा कॉलम निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश करा, म्हणजे दोन्हीकडे कोड अंक होतात. खात्याच्या कॉलमवर हे चुकूनही करू नका. एक्सेल १५ च अंक जपते, पुढच्या अंकांचे शून्य होते आणि ते परत मिळत नाहीत. तो कॉलम नंबर भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवायचा. आणि आयएफएरर (चुकीच्या जागी दुसरे काही दाखवणारा फॉर्म्युला) लावून एन/ए झाकू नका. वाटपाआधी ते दिसलेच पाहिजे.

नावाने जुळवणे टाळाच. ‘पाटील’ कुठे ‘पाटिल’ होतो, शेवटी एखादी स्पेस राहते. जुनी यादी श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) असेल तर पडद्यावर अक्षरे तीच दिसतात, पण आतले संकेत युनिकोडपेक्षा (आजच्या सर्वमान्य पद्धतीपेक्षा) वेगळे असल्याने ती कधीच जुळणार नाहीत.

एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर व्हीलुकअपऐवजी एक्सलुकअप हा नवा फॉर्म्युला वापरा. ते मुळातच नेमके जुळवते आणि डावीकडचा कॉलमही आणते.

प्रश्न : एका शेतकऱ्याच्या उसाच्या पाच वजनपावत्या आहेत, पण व्हीलुकअपने एकाच पावतीचे टन येतात.
– वाचक, शिरोळ

उत्तर : व्हीलुकअप पहिली जुळणी सापडली की थांबते. तुम्हाला बेरीज हवी आहे, म्हणून समइफ्स (अटीत बसणाऱ्या ओळींची बेरीज करणारा फॉर्म्युला) घ्या. त्यात आधी टनांचा कॉलम, मग पावत्यांमधला शेतकरी कोडचा कॉलम, शेवटी हवा तो कोड. त्यापुढे तारखेचा कॉलम दोनदा जोडला, एकदा पहिल्या तारखेच्या आणि एकदा शेवटच्या तारखेच्या अटीसह, की पंधरवड्याचे टनही वेगळे निघतात.