पसरणी घाटातलं धुकं कशाचं करू?

प्रश्न : ताई, जुन्या सुती साड्यांचे तुकडे लावून भिंतीवर टांगायला गोधडी करतेय, दोन बाय तीन फुटांची. चित्र पावसाळ्यातल्या पसरणी घाटाचं. डोंगर मस्त जमलेत पण वर धुकं हवंय. घरात पांढरा ऑर्गन्झा होता तो टाकून बघितला तर डोंगरच गायब! दुकानात शिफॉन, नेट, टिश्यू एवढं दाखवलं की काहीच न घेता परत आले. काय घेऊ?
— एक वाचक, वाई

उत्तर : अहो, गायब होणारच, पांढरं झिरझिरीत कापड उजेड पकडतं आणि खालचे सगळे रंग दुधात बुडवल्यासारखे होतात. धुकं म्हटलं की सगळे पांढऱ्याकडेच धावतात, मीही धावायचे. तुम्ही ऑर्गन्झाच घ्या, पण फिकट राखाडी किंवा निळसर राखाडी, डोंगर मागे सरकतील पण दिसत राहतील. आणि दरीत सावली हवी असेल तर काळी मऊ नेट, गडद हिरव्यावर ती दिसतही नाही, फक्त रंग खोल होतो. घागरा फुलवायला आत लावतात ती कॅनकॅनची जाड नेट मात्र नको, तिची भोकंच आधी दिसतात. टिश्यू चमकतो, धुकं कुठे चमकतं? शिफॉन पडतो छान पण शिवताना इतका सरकतो की जीव जातो.

पाव-पाव मीटर दोन-तीन रंग आणा, गोधडी भिंतीला लावून त्यावर पिनांनी अडकवा आणि सहा-सात फूट मागे जाऊन बघा, टेबलावर ठेवून ठरवलं की हमखास चुकतं.

इस्त्री जपून! माझा अख्खा तुकडा कॉटनच्या सेटिंगवर आकसून इस्त्रीला चिकटलाय, पॉलिस्टरचा होता ना. चार धागे चिमट्यात धरून जाळून बघा, केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टरचा एक फायदा, ऑर्गन्झाच्या कडा फार उसवतात त्या उदबत्तीने वेड्यावाकड्या जाळून घेता येतात, उसवणं थांबतं आणि धुक्याला सरळ कड नसतेच. पण हे गोधडीपासून लांब, खिडकी उघडून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून करा.

कापडावर कापड इस्त्रीने चिकटवायची जाळी मिळते ती वापरू नका, आरपार दिसते. त्यापेक्षा त्याच रंगाचा एकेरी दोरा घेऊन आडवा धावदोरा घाला, धुकं सरकतं त्या दिशेने.

ऑर्गन्झाचे दोन थर एकावर एक आले की पाण्यावर लहरी उठल्यासारखी नक्षी दिसते, थोडं तिरकं केलं की बदलतेही. धुक्यात ती नको, एकच थर ठेवा. पण खाली कृष्णा दाखवणार असाल तर तिथे मुद्दाम दोन थर लावा.