हेल्मेटसाठी एफडी मोडायची का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा साडेचार महिन्यांचा. डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय आणि तो बघतोही सारखा उजवीकडेच. मुंबईच्या एका ऑर्थोटिक (आधाराचे पट्टे-साधनं बनवणाऱ्या) क्लिनिकने स्कॅन करून डोक्याला आकार देणारं हेल्मेट सुचवलं. रोखीने २,२५,००० रुपये, नाहीतर 'शून्य टक्के व्याजाने' २०,०००चे १२ हप्ते, वर ३,५४० रुपये फाइल चार्ज. आठवड्याभरात ॲडव्हान्स भरा, वय निघून गेलं की काही होणार नाही, असंही सांगितलंय. घरात शिल्लक म्हणजे ४ लाखांची एफडी. महिन्याचा खर्च ६२,०००. ताई बिनपगारी रजेवर, यजमानांच्या कंपनीत कपातीची कुजबुज. सासूबाई म्हणतात, मोहरीची उशी घ्या, आपोआप गोल होतं. शिवाय बहिणीला सातवा महिना आहे, तिला त्याच क्लिनिकने १४,०००चा पोटपट्टा सांगितलाय. तोही घ्यावा का?

ताई, आधी ते 'शून्य टक्के' बघू. रोखीने २,२५,००० आणि हप्त्याने २,४०,०००. मधले १५,००० कशाचे? हिशोब मांडला तर हे जवळपास महिना १ टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे १२ टक्के व्याज पडतं. फाइल चार्ज त्याहून वेगळा. क्रेडिट कार्डांच्या अशाच योजनांवर रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेलं असतं. तेव्हा हा रस्ता बंद.

एफडी मोडणंही नको. ४ लाख म्हणजे तुमचा सहा-साडेसहा महिन्यांचा घरखर्च. त्यातून २,२५,००० काढले की उरतात १,७५,०००, जेमतेम पावणेतीन महिन्यांचे. एक पगार आधीच थांबलाय आणि दुसरा डळमळीत आहे. अशा वेळी हीच एफडी तुमचा खरा पोटपट्टा.

पैसे लागलेच तर तीच एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेवढंच उचलायचं कर्ज, घ्या. बँका साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. एफडी ७ टक्क्यांची आणि ओव्हरड्राफ्ट ८ चा धरा. २,२५,००० दहा महिन्यांत दरमहा २२,५०० मुद्दल देऊन फेडले तर व्याज होतं सुमारे ८,२५०. ठेवीवर ७ टक्के मिळत राहतातच, दंडही नाही.

पण 'लागलेच तर' म्हणतोय, कारण आत्ता लागतील असं मला तुमच्या कागदांवरून दिसत नाही. मी डॉक्टर नाही. मात्र तुम्ही पाठवलेल्या स्कॅनच्या कागदावर सीव्हीएआय ५.८ लिहिलंय. हा डोक्याच्या तिरकेपणाचा आकडा. अटलांटाच्या बालरुग्णालयाची जी मापपट्टी बरेच ठिकाणी वापरतात, तिच्या पाच पायऱ्यांत ३.५ ते ६.२५ ही दुसरी, आणि तिथे सल्ला असतो बाळाची झोपायची-बसायची बाजू बदलत राहण्याचा. कोटेशनमध्ये मात्र पायरीचा उल्लेख नाही. तो का नाही, हे विचारा.

हेल्मेटने फरक पडतो की नाही, यावर जाणकारांतही एकमत नाही. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र चपटेपणाच्या ८४ बाळांवर चाचणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. सहा महिने हेल्मेट घातलेल्यांपैकी २६ टक्के बाळं दोन वर्षांच्या वयापर्यंत पूर्ण बरी झाली, काहीच न केलेल्यांपैकी २३ टक्के. हेल्मेटवाल्या सगळ्याच पालकांनी काही ना काही त्रास सांगितला: त्वचेला चट्टे, घाम, वास. उलट अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनेने २०१६मध्ये म्हटलं की आधी साधे उपाय करूनही मध्यम ते तीव्र तिरकेपणा राहिला तर हेल्मेट द्यावं. म्हणजे हेल्मेटच्या बाजूने बोलणारेही आधी साधे उपायच करायला सांगतात.

ते स्वस्त आहेत. आधी बालरोगतज्ज्ञांकडून कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना, हे तपासून घ्या, शंका असेल तर न्यूरोसर्जनकडून. तसं असेल तर प्रश्न शस्त्रक्रियेचा, आणि त्यासाठी ही एफडी शाबूत हवी. दुसरं म्हणजे, तो एकाच बाजूला बघतो याचा अर्थ मान आखडलेली असू शकते. लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे सत्राला ८०० पडतील असं धरलं तर आठ सत्रांचे ६,४००. जागेपणी, समोर बसून, दिवसातून अनेकदा पोटावर ठेवायचं. खुळखुळा डावीकडून वाजवायचा, कडेवरची बाजू बदलायची. सासूबाईंना हे काम द्या, त्या मनापासून करतील. मोहरीची उशी मात्र नको. डोक्याला आकार देणाऱ्या उशांमुळे बाळ गुदमरण्याचा धोका आहे, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०२२मध्ये दिलाय. झोपवायचं सपाट जागेवर आणि पाठीवरच.

सहा आठवड्यांनी पुन्हा माप घ्या. तेव्हा तो सहा महिन्यांचा असेल. हेल्मेट साधारण ४ ते ६ महिन्यांत सुरू केलं तर बरं, असं मानतात, म्हणजे थांबण्याची किंमत शून्य नाही. पण एफडीएची मान्यताच ३ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी आहे, तेव्हा 'आठवड्याभरात' ही घाई बाळाची नाही, ॲडव्हान्सची आहे. त्या मापात आकडा वाढला, तर ओव्हरड्राफ्ट तयार आहेच.

तेव्हाही २,२५,००० हा पूर्ण खर्च समजू नका. दर पंधरा दिवसांनी ॲडजस्टमेंट, चार महिन्यांत आठ फेऱ्या, नाशिक-मुंबई टॅक्सीचे ३,५०० धरले तर २८,००० तिथेच गेले. डोकं वाढून हेल्मेट लहान झालं तर दुसऱ्याचे पैसे कोण देणार, मध्येच सोडलं तर किती परत, हे लेखी घ्या. आणि ते दिवसातले २३ तास घालायचं असतं. नाशिकचा एप्रिल डोळ्यांसमोर आणून ठरवा.

विम्याकडून अशा वस्तूंची आशा ठेवू नका. न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची जी प्रमाणित यादी पॉलिसीला जोडलेली असते, तिच्यात बेल्ट आणि ब्रेसेस आहेत; हेल्मेटबद्दल कंपनीकडून लेखी विचारून घ्या, पण हिशोब नकाराचाच धरा. प्राप्तिकराच्या ८०डी सवलतीतही हे बसत नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं, पत्रात लिहिलेलं नाही म्हणून विचारतो: बाळाचं नाव फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे घरच्या सगळ्यांच्या एकत्र आरोग्य विम्यात, घातलंय का? बऱ्याच पॉलिसींत ९० दिवसांनंतर घालता येतं, काहींत नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. फोन आजच करा. तुमच्या घरात मोठं भगदाड पडायचंच तर ते इथे पडेल.

बहिणीचं सोपं आहे. कंबर किंवा ओटीपोटाचं हाड दुखत असेल तर पट्ट्याने काहींना उतार पडतो, पण आधी तिच्या डॉक्टरांना विचारून. पट्टा बांधल्याने बाळाचं डोकं गोल येतं, असं तिला कोणी सांगितलं असेल तर त्याला आधार नाही. मेडिकलमध्ये हजार-दीड हजारात तयार पट्टा मिळतो. दुकानात बांधून, दोनदा बसून-उठून बघून घ्यायला सांगा. १४,०००चा मापाचा पट्टा दोन महिन्यांत मापाचा राहणार नाही.