पिनकोडला लिस्ट, मोबाइल नंबरला डिक्शनरी

प्रश्न : आमचं कुरिअरचं छोटं ऑफिस आहे. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय : पिनकोडनुसार पार्सलं मोजायची आणि मोबाइल नंबर टाकला की गिऱ्हाइकाचा पत्ता दाखवायचा. दोन्हीकडे डिक्शनरी (‘की’ म्हणजे खूण दिली की तिच्याशी जोडलेली माहिती देणारी रचना) वापरली. मित्र म्हणतो, पिनकोडला साधी लिस्ट (ओळीने मांडलेले खण) पुरे. शिवाय दादरची पार्सलं दोन ओळींत विभागून दिसतात. असं का?
— एक वाचक, परळ

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. मुंबईचे पिनकोड 400 ने सुरू होतात. ठाण्याचा 400601, वाशीचा 400703 हेही त्यातलेच. पिनकोडमधून 400000 वजा केले की 0 ते 999 मधला आकडा उरतो, तोच लिस्टचा इंडेक्स, म्हणजे खणाचा क्रमांक. दादरचा 400014 म्हणजे इंडेक्स 14. हजार खणांना साधारण 8 केबी लागतात. बरेच रिकामे राहतील, राहू द्या. पिनकोडच्या क्रमाने छापायला सॉर्टही लागत नाही.

धोका वेगळाच आहे. पुण्याचा 411004 आला तर इंडेक्स 11004 होतो आणि प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो, हे बरंच. पण कोणी चुकून 399999 टाइप केलं तर इंडेक्स -1 येतो. पायथॉनमध्ये -1 म्हणजे शेवटचा खण, म्हणून पार्सल गुपचूप तिथे मोजलं जातं. आकडा 0 ते 999 मध्ये आहे का, हे आधी तपासाच.

मोबाइल नंबरला ही युक्ती चालत नाही. दहा आकड्यांसाठी 1000 कोटी खण, म्हणजे 80 जीबी मेमरी लागेल. इथे डिक्शनरीच हवी. पायथॉनची डिक्शनरी म्हणजे हॅश टेबल : नंबरवरून हॅश (हिशोबाने मिळणारा एक आकडा) काढून खण ठरतो, आणि तो दुसऱ्या नंबराने अडवलेला असेल तर पुढचा शोधला जातो. म्हणून काही खण मोकळे ठेवावेच लागतात. सुमारे दोन तृतीयांश भरले की टेबल मोठं होतं.

आता दादर. एका फाइलमधून 400014 हा आकडा येतोय, दुसरीतून तेच आकडे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून. डिक्शनरीच्या लेखी त्या दोन वेगळ्या ‘की’. भरतानाच पिनकोड इंटिजर (पूर्णांक) करून घ्या. मोबाइल नंबरातली स्पेस आणि +91 काढून शेवटचे दहा आकडे ठेवा. भरताना आणि शोधताना एकच फंक्शन वापरा.

पुढेमागे नावाच्या पहिल्या अक्षरांवरून गिऱ्हाईक शोधायचं झालं तर डिक्शनरी कामाची नाही. नावांची सॉर्ट केलेली लिस्ट ठेवून बायनरी सर्च करा, म्हणजे मधल्या नावाशी तुलना करून दर वेळी अर्धी लिस्ट सोडून द्या. 5000 नावांत फार तर 13 तुलना होतात. मात्र नवं नाव शेवटी चिकटवू नका, क्रमाने त्याच्या जागी घाला. क्रम मोडला की सर्च असलेलं नावही ‘नाही’ म्हणून सांगू शकतो, आणि एररही देत नाही.