काल्पनिक छोट्या ब्रँच लाइनच्या मॉडेलसाठी कोणती इंजिनं घ्यावीत?

सहा फूट बाय दोन फुटांची फळी, अडीच फुटी नॅरोगेजची मनाने रचलेली लाइन, बजेट बेताचं; इथपर्यंत तुमचा प्रश्न सरळ होता. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "काल्पनिकच आहे, म्हणजे काहीही चालेल ना?" म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य 2011 च्या दिवाळीत आमचे दाजी आमच्या हॉलमध्ये बोलले होते. नाही चालत.

तेव्हा माझा लेआउट एचओच्या, म्हणजे खऱ्याच्या 1/87 मापाच्या, नेहमीच्या 16.5 मिमी रुळांवर होता, वळणं पंधरा इंच त्रिज्येची. लाइन काल्पनिक, पण डोक्यात अडीच फुटी बार्शी लाइन. वडील कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या शेडात फिटर होते, त्यामुळे दुसरं काही डोक्यात येणंच शक्य नव्हतं. दाजी अमेरिकेहून आले ते सहा एक्सलचं डिझेल इंजिन घेऊन. दहा इंच लांब, आवाज, दिवे, सगळं. आणलंय एवढ्या हौसेने, वर जावई! चालवावंच लागलं.

सरळ रुळांवर झकास गेलं. वळणावर त्याचं नाक रुळांच्या बाहेर जे आलं, ते फलाटाच्या कडेने झाडू मारल्यासारखं फिरलं. काड्यापेटीच्या काड्यांचा दिव्याचा खांब सोफ्याखाली, फलाटाचं पत्र्याचं छप्पर आडवं. त्या छपरावर माझे तीन रविवार गेले होते. मी गप्प. बहीण माझ्याकडे बघून डोळ्यांनीच "काही बोलू नकोस" म्हणत होती.

वडील खुर्चीतून उठले, सोफ्याखालून खांब काढला, फुंकर मारून जागेवर ठेवला आणि अगदी अदबीने विचारलं, "जावईबापू, हे कुठल्या शेडचं म्हणायचं?"

दाजी हसले. "बाबा, काल्पनिक आहे सगळं. काहीही चालतं."

"असू द्या की. पण सांजच्या गाडीला हे बिघडलं तर बदली कोण देणार? आणि फिरवणार कुठं?"

दाजींकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं. त्या रात्री वडिलांनी पट्टी घेऊन माझे रूळही मोजले आणि माझीच काढली. 16.5 गुणिले 87 म्हणजे 1435 मिमी. ना आपला ब्रॉडगेज, ना बार्शी.

आता तुमच्या कामाचं. अडीच फूट म्हणजे 762 मिमी. त्याला 87 ने भागलं की पावणेनऊ येतात. म्हणजे एन गेजचे 9 मिमी रूळ तुमच्या मापाला जवळपास चपखल बसतात. एचओई म्हणतात ते हेच. एनचं 249 मिमी त्रिज्येचं वळण दोन फुटांच्या फळीत पूर्ण फिरतं, पंधरा इंचांचं फिरत नाही. इंजिन निवडायच्या आधीच इथे अर्धी निवड होऊन जाते: आखूड व्हीलबेसचं (पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी असलेलं), लहान टँक इंजिन (पाणी स्वतःवरच वाहणारं वाफेचं इंजिन) किंवा चार चाकांचं डिझेल. ऑस्ट्रियात 760 मिमीच्या लाइनी आहेत, त्यांची एचओई टँक इंजिनं तयार मिळतात. काळा रंग, पुढे मोठा दिवा, झालं तुमचं इंजिन. हात चालत असेल तर जपानच्या काटो कंपनीच्या पॉकेट लाइन मालिकेतली छोटी चासी (मोटर-चाकांचा सांगाडा) घ्या आणि वर प्लॅस्टिक शीटची बॉडी स्वतः चढवा. माझी दोन्ही इंजिनं तशीच आहेत.

"लहान इंजिनाला ताकद कुठून येणार," हा दाजींचा दुसरा मुद्दा. बार्शी लाइट रेल्वे 1897 ला सुरू झाली तेव्हा तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एका एक्सलवर पाच टनांहून जास्त भार पडू दिला नाही. म्हणून किटसन कंपनीची ती इंजिनं 0-8-4 होती: चार एक्सल ओढणारे, मागे दोन भार वाहणारे. रूळ हलके म्हणून इंजिन तसं. माथेरानचंही तेच, तिथली वळणं इतकी आवळ की वाफेच्या इंजिनांचे कडेचे एक्सल वळणासोबत सरकतील असे बनवावे लागले. आधी रूळ, मग इंजिन. कल्पना करायची ती गावाच्या नावाची, फलाटावरच्या लिंबाच्या झाडाची. भौतिकशास्त्राची नाही.

किती घ्यावीत? दोन. आणि दोन्ही एकाच जातीची. याच्यावर लोक नाराज होतात, त्यांना पाच प्रकारची पाच हवी असतात. पण ब्रँच लाइनवर जे शेडात आहे तेच येतं, वर्षानुवर्षं तेच. शकुंतलेवर, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर, वाफेचं इंजिन 1994 पर्यंत होतं. एक गाडीवर, एक शेडात उघडं पाडून ठेवलेलं. तेवढ्याने लाइन खरी वाटते.

एक आधी सांगायला हवं होतं. आखूड इंजिन सांध्यावरच्या, म्हणजे एका रुळाचे दोन रस्ते होतात तिथल्या, प्लॅस्टिकच्या तुकड्यावर हमखास अडकतं, बोटाने ढकलावं लागतं. सांधे घेताना धातूचे, वीज पोचणारे घ्या. इंजिनापेक्षा तिथे पैसे घाला. आणि ब्रिटिश ओओ-9 चा माल याच 9 मिमी रुळांचा, पण 1:76 चा असतो, शेजारी ठेवला की थोराड दिसतो. मला खुपतो, तुम्हाला कदाचित नाही खुपणार. लेआउट मुलांसाठी असेल तर वरचं सगळं विसरा. माझ्या भाच्याला आजही फक्त ते दहा इंची धूडच आवडतं.

ते फेकलेलं नाही. कुर्डुवाडीला नॅरोगेज आणि ब्रॉडगेज भेटायचे, तसं जंक्शन मी फळीच्या कडेला केलंय आणि जुन्या रुळांचा एक तुकडा टाकून ते त्यावर उभं केलंय. दाजी आले की पाहुण्यांना दाखवतात, "बघा, शेवटी माझंच इंजिन जंक्शनवर." त्या तुकड्याला वायर जोडलेली नाही, हे त्यांना अजून माहीत नाही.