भावाला घशासाठी अँटिबायोटिक दिलंय. ते आणि त्याची फिट्सची गोळी एकमेकांना नडतील का? कोर्स संपेपर्यंत गोळी बंद ठेवू का?

नाही, एक डोसही चुकवू नका. घसा आज ना उद्या बरा होईल, पण गोळी अचानक तोडली तर एकामागून एक फिट्स येऊ शकतात. त्यात अंगात ताप असेल तर फिटची भीती आणखीच जास्त.

दोन औषधं एकमेकांना नडतील ही तुमची शंका मात्र रास्त आहे. मी स्वतः अकरा वर्षं कार्बामाझेपिन ही फिट्सची गोळी घेतोय. एकदा छातीत कफ झाला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मिळालं. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना प्रत्येक पायरी दोन-दोन दिसायला लागली, पाय नेमका कशावर ठेवायचा तेच कळेना. अशक्तपणा असेल म्हणून मी झोपून राहिलो. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुठे रक्त तपासलं, तर कार्बामाझेपिनची पातळी भलतीच वाढलेली. यकृतातलं जे एन्झाइम कार्बामाझेपिन मोडतं, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन अडवून धरतं. गोळी रोजचीच, पण अंगात साठत जाते. एरिथ्रोमायसिनचंही तसंच. त्याच घराण्यातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन सहसा हा घोळ घालत नाही, मला ते बदलून दिलं. (पाकिटातल्या पत्रकात हे सगळं छापलेलं होतं. वाचतं कोण!)

भाऊ व्हॅल्प्रोएट ही फिट्सची गोळी घेत असेल तर धोका उलट्या बाजूने. हॉस्पिटलमध्ये शिरेतून देतात त्या मेरोपेनेमसारख्या अँटिबायोटिक्सनी व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि डोस वाढवूनही सहसा भरून येत नाही. कधी अ‍ॅडमिट करायची वेळ आलीच, तर फिट्सच्या गोळीचं नाव पहिल्यांदा सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स तर फिट्स असलेल्यांना जपूनच देतात, कारण त्यांच्यामुळेच फिट येऊ शकते. फिट्सच्याच इतर गोळ्यांपैकी फेनिटॉइनचं बऱ्याच अँटिबायोटिक्सशी वाकडं आहे. लेव्हेटिरासेटामचं फारच थोड्यांशी.

तुम्ही दोन्हींपैकी एकाही औषधाचं नाव दिलेलं नाही. आजच डॉक्टरांना फोन करून दोन्ही स्ट्रिपांवरची नावं वाचून दाखवा. भाऊ झोकांड्या खात चालायला लागला, त्याला दोन-दोन दिसायला लागलं, नको तेवढी झोप यायला लागली किंवा फिट आली, तर कोर्स संपायची वाट बघू नका. आणि कोर्सपुरता फिट्सच्या गोळीचा डोस बदलून दिला, तर तो पूर्ववत कधी करायचा हेही त्याच फोनवर विचारून घ्या.