शब्दशंका : अर्क नेमका कुठला?

प्रश्न : रथसप्तमीची ‘अर्कपत्रं’ म्हणजे रुईची पानं. ‘कोणार्क’मधला अर्क म्हणजे सूर्य. मग ओव्याच्या अर्कातला ‘अर्क’ही तोच का? सूर्याचं तेज, म्हणून सार, असा खुलासा ऐकला आहे.

उत्तर : खुलासा ऐकायला छान, पण खरा नव्हे. शब्द दोन आहेत. सूर्य आणि रुई हे अर्थ संस्कृत ‘अर्क’चे, ‘अर्च्’ धातूवरून आलेले. बाटलीतला अर्क मात्र अरबी. ‘अरक’ म्हणजे घाम. वाफ थंड होऊन भांड्याला थेंब सुटतात, त्यावरून हे नाव पडलं आणि फारसीमार्गे आपल्याकडे आलं. मूळ अरबी शब्दातले घशातले उच्चार मराठीत टिकले नाहीत, म्हणून दोघांचं रूप एक झालं. चरकाच्या पाच कषायकल्पनांत, म्हणजे वनस्पतीपासून औषध करण्याच्या आयुर्वेदातल्या मूळ रीतींत (स्वरस, कल्क, शृत, शीत, फांट), अर्क नाही, हेही लक्षात घ्यावं.

कृती पाहिली की शब्द पक्का बसतो. ओवा जाडसर भरडून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवतात. सकाळी उरलेलं पाणी घालून मंद आचेवर वाफ काढतात आणि ती नळीतून नेऊन थंड करतात. सुरुवातीचं पाणी बहुतेक नुसतं वाफेचं, शेवटचं निःसत्त्व. ही दोन्ही टाकून मधलं घेतात आणि एकत्र मिसळतात. आच वाढली तर भांड्यातलं उसळून नळीत येतं आणि अर्क गढूळ होतो. तळ कोरडा पडला की करपट वास लागतो. गार करणारं पाणीच तापलं, तर वास वाफेबरोबर उडून जातो. नितळ, बिनरंगी द्रव आणि वर कधी तेलाचा बारीक तवंग, ही चांगल्या अर्काची खूण. रंग दिसला, तर त्यात काढा उतरलाय असं समजावं.

म्हणजे जे वाफेबरोबर उडतं तेच अर्कात येतं. गुळवेलीचं सत्त्व वेगळं: कांड्या ठेचून पाण्यात कालवायच्या, गाळायचं, तळाला बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो मुख्यतः स्टार्च असतो. जाहिरातवाले दोन्हींना सरसकट अर्क म्हणतात, ते चूकच. बाकी ‘हा एक अर्कच आहे’ आणि ‘अर्कचित्र’ हे प्रयोग या अरबी अर्काचेच.

प्रश्न : इंग्रजी ‘क्विंटेसन्स’ला अर्क म्हटलं तर चालेल?

उत्तर : लेखाचा, विचाराचा म्हणायचा असेल तर खुशाल. मूळ लॅटिन ‘क्विंटा एसेन्शिया’ म्हणजे पाचवं तत्त्व: पृथ्वी, आप, तेज, वायू यांपलीकडचं, ॲरिस्टॉटलच्या मते आकाशस्थ गोल ज्याचे बनले आहेत ते. चौदाव्या शतकात युरोपातल्या किमयागारांनी वाइन पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून (वाफ काढून ती थंड करून) मिळणाऱ्या मद्यार्काला हे नाव दिलं, आणि तिथून ‘शुद्ध सार’ हा अर्थ रुळला. विश्वशास्त्रात मात्र 1998 पासून कृष्ण ऊर्जेच्या (विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेच्या) एका कल्पित रूपालाही ‘क्विंटेसन्स’ म्हणतात. तिथे भाषांतराच्या भानगडीत न पडता तोच शब्द ठेवावा.